डाव्या भिंतीची रोपं

१

दाराचं सील सगळ्यांसमक्ष फोडलं गेलं. आधी मातीवाल्या बाई आत गेल्या, मग सर, मग ती मुलगी, आणि सगळ्यांत शेवटी जजबाई. चपला बाहेर काढायच्या की पायात ठेवायच्या, या त्यांच्या साध्या प्रश्नाला तिघांनी तीन उत्तरं दिली होती. त्यामुळे त्यांचं डोकं दारातच फिरलं होतं.

खोली लहान, लांबट, बिनखिडकीची. डाव्या भिंतीला एक लोखंडी मांडणी, उजव्या भिंतीला तशीच दुसरी. दोन्हींवर ट्रे आणि ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं. जजबाईंचा आणि रोपांचा संबंध भाजीपुरता. पण लहानमोठं कळायला वनस्पतिशास्त्र शिकावं लागत नाही. डावीकडची रोपं उंच, लवचिक होती. उजवीकडची बुटकी आणि जाड खोडाची.

"बुटकी हवी होती ना? ही काय झालीत की," जजबाई म्हणाल्या.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बुटकी डावीकडची व्हायला हवी होती," मातीवाल्या बाई सावकाश म्हणाल्या. "औषध डावीकडच्या रोपांना दिलंय. हे सगळं उलटं झालंय."

प्रकरण थोडक्यात असं होतं. ही मुलगी या संशोधन संस्थेत पाच वर्षं डॉक्टरेटसाठी राबत होती. मातीतल्या एका जिवाणूपासून तिनं औषध बनवलं होतं. ते मातीत मिसळलं की रोप बुटकं, दणकट राहतं आणि वाऱ्यानं लोळत नाही, असं तिनं याच खोलीत एकदा नाही, दोनदा दाखवलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी पेपर छापला, हारतुरे घेतले. मग खालच्या मजल्यावर मातीचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी तेच औषध आपल्या खोलीत वापरून पाहिलं. काडीचा फरक पडला नाही. त्यांनी ते भर सभेत सांगितलं आणि सरांनी स्वतःच चौकशी मागितली. त्याच खोलीत, त्याच मांडण्यांवर, अगदी पहिल्यासारखी फेरचाचणी घ्यायची, खोली सील करायची, पाणी बाहेरच्या नळीनं द्यायचं, असं ठरलं. बाहेरची निःपक्षपाती व्यक्ती म्हणून निवृत्त न्यायाधीशबाईंना बोलावलं. संस्थेत सगळे त्यांना जजबाई म्हणू लागले. हे नाव त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

"आता चौकशी कसली राहिली?" सर उसासा टाकत म्हणाले. "आधीची मापं हिनं मनानं लिहिली, हे उघड आहे. मी विश्वासानं सही केली, हीच माझी चूक."

शुक्रवारी मंडळ बसणार होतं. जजबाईंनी 'लबाडी' म्हटलं की मुलीची पदवी गेलीच, शिवाय पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेचं दार तिला उघडलं नसतं.

मुलगी डावीकडच्या उंच रोपांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याची भीती नव्हती, नुसता गोंधळ होता. जजबाईंनी आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं ऐकली होती. खोटारडा आपल्या फायद्याचं खोटं बोलतो. हिनं लबाडी केली असती तर या वेळीही औषध लागू पडलं असतं, निदान काही फरक पडला नसता. सगळं उलटलं कसं?

आणि उलटवलं कोणी?

२

"उत्तर एका शब्दात द्या. औषध काम करतं की नाही?" जजबाईंनी मातीवाल्या बाईंना विचारलं.

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"कुठल्या परिस्थितीवर?"

"तोच तर प्रश्न आहे."

जजबाईंनी कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. या इमारतीत कोणाला 'हो' किंवा 'नाही' म्हणताच येत नव्हतं. कोर्टात असल्या साक्षीदाराला त्यांनी चांगलं खडसावलं असतं.

"असं विचारते. औषधाशिवाय रोप बुटकं कशानं राहतं?"

"हात लावल्यानं," मातीवाल्या बाई एकदम सरळ बोलल्या. "रोज चोळलं, हलवलं, वाऱ्यात ठेवलं, की रोप उंची सोडतं आणि खोड जाड करतं. हे पोरांना पहिल्या वर्षी शिकवतो. पण खोलीला कुलूप, वर सील. वारा नाही."

"डावीकडे पंखा आहे, हवा बाहेर फेकणारा."

"आहे. पण तो पहिल्या वेळीही होता आणि आताही होता. पंख्यामुळे बुटकी झाली म्हणावं, तर आता तीच बाजू उंच कशी?" बाई थोडं पुढे झुकल्या. "तुम्हाला वाटत असेल, मला त्या मुलीची जिरवायची आहे. मला फक्त माझ्या खोलीत औषध का चाललं नाही हे हवंय. तिनं तीनदा वापरलं आणि मी एकदा, तरी उत्तरं तीन आली. माझी झोप उडाली आहे त्यानं."

सरांची केबिन रोपांच्या खोलीसमोरच होती. दार उघडं, खुर्ची फिरती, बोलणं गुळगुळीत. मुलीबद्दल किती वाईट वाटतं, हे ते बराच वेळ सांगत राहिले.

"मी तिला मुलीसारखं मानलं हो. काय काय सोसलं! त्या औषधाचा वास तुम्हाला माहीत नाही. पहिल्या ट्रेंच्या वेळी या केबिनमध्ये बसवत नव्हतं. मग ट्रे पंख्याजवळ गेले, तेव्हापासून बरं."

"आणि मापं?"

"मापं तिचीच. मी कशाला हात लावतो?" सरांनी दोन्ही हात झटकले.

जजबाई उठल्या तशा मातीवाल्या बाई जिन्यात त्यांची वाटच पाहत होत्या.

"एक सांगायचं राहिलं," त्या हळूच म्हणाल्या. "पेपरात छापलंय की औषधाचे ट्रे आणि साधे ट्रे दोन्ही मांडण्यांवर मिसळून ठेवले होते. कोण कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं म्हणे. पण फेरचाचणीला तिनं औषधाचे सगळे ट्रे डावीकडेच लावले. पहिल्यासारखंच लावायचं ठरलं होतं ना? मी विचारलं, तर म्हणाली, पहिल्यांदाही असंच होतं."

म्हणजे मुलगी खोटं बोलली होती. निदान एकदा तरी.

३

"वास यायचा म्हणून," मुलगी मान खाली घालून म्हणाली.

त्या दोघी रोपांच्या खोलीत स्टुलांवर बसल्या होत्या. बसायला दुसरी जागा मागितली तर अर्ज करा म्हणाले होते.

"चिठ्ठ्या टाकून ठेवायचं ठरलं होतं. पण वास फार यायला लागला, म्हणून औषधाचे ट्रे मी पंख्याजवळ नेले."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझंच मी. कोणाला माहीत नव्हतं."

"आणि पेपरात मिसळून ठेवले असं कोणी लिहिलं?"

मुलगी ट्रेची कड पुसू लागली. जजबाईंना सर आठवले, आणि कोणाला माहीत नसलेली गोष्ट केबिनमधल्या माणसाला माहीत कशी, हा प्रश्न त्यांनी मनात टिपून ठेवला. या मुलीला घाबरवून काही निघणार नव्हतं. आधीच कोणीतरी तिला पुरेसं घाबरवून ठेवलं होतं.

त्या शांततेत जजबाईंना पहिल्यांदा आवाज ऐकू आला. बारीक, सलग गुणगुण, डावीकडूनही आणि उजवीकडूनही.

"हे काय घुमतंय?"

"शेजारचे हाडांचे डॉक्टर. त्यांच्या दोन खोल्या आहेत, या बाजूला एक, त्या बाजूला एक. मध्ये आम्ही. सवय झालीय आता."

"तुझ्या पहिल्या प्रयोगांच्या वेळी हे होतं?"

"होतं की. अगदी असंच."

हाडांचे डॉक्टर हसतमुख गृहस्थ निघाले. त्यांनी मशीन दाखवलं. पायाखाली फळी, पुढे धरायला दांडा, आणि तो दांडा लाकडी पार्टिशनला बोल्टनं पक्का केलेला. वयस्कर माणसं रोज येऊन त्यावर थोडा वेळ उभी राहत. फळी इतकी बारीक थरथरते की उभ्या माणसालाही कळत नाही, पण त्यानं ठिसूळ हाडं बळकट होतात का, हे त्यांना पाहायचं होतं.

"दोन्ही खोल्यांत हेच मशीन?"

"दिसायला हेच. एक खरं थरथरतं आणि दुसरं नुसतं गुणगुणतं. म्हणजे फायदा मशीनचा की मनाचा, ते कळतं."

"खरं कुठलं?"

"मला माहीत नाही."

जजबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "तुमच्या अभ्यासातलं तुम्हालाच माहीत नाही?"

"कळलं तर मी नकळत खऱ्या मशीनवाल्यांशी जास्त गोड बोलेन, त्यांची मापं उदारपणे घेईन. म्हणून आम्ही डोळे बांधून घेतो. तेच अभ्यासाचं बळ आहे, बाई!"

अज्ञानाचा एवढा अभिमान जजबाईंनी पूर्वी फक्त काही वकिलांमध्ये पाहिला होता. "बरं. अलीकडे काही बदललंय?"

"खोल्या त्याच, माणसं तीच, आवाज तोच. माझ्या नजरेला तरी काही नाही. आराखडा आकडेवाल्यांचा. त्यांना विचारा."

आकडेवाले वरच्या मजल्यावर एकटेच बसत. सगळ्यांच्या अभ्यासाची गणितं तेच मांडत आणि सगळ्यांची गुपितं तेच सांभाळत. जजबाईंनी नुसतं "त्या मशिनी..." म्हटलं, तर त्यांनी शब्दशः कानांवर हात ठेवले.

"सांगता येणार नाही. अभ्यास संपायच्या आधी कोणाला कळलं की इतक्या लोकांचं रोजचं येणं मातीमोल."

"एका मुलीचं आयुष्य पणाला लागलंय."

"मला वाईट वाटतं. पण सांगता येणार नाही."

जजबाई पाय आपटत जिना उतरल्या, आणि अर्ध्यावर थांबल्या. काही बदललं नसतं, तर 'काही बदललं नाही' म्हणायला त्या माणसाला काय हरकत होती?

४

"तुझं तोंड का असं?" घरी वन्संनी विचारलं. जजबाईंच्या या थोरल्या नणंदबाई वर्षापूर्वी त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असे.

"कोणी धड उत्तर देत नाही, वन्सं. एक म्हणतो माहीत नाही, दुसरा म्हणतो सांगणार नाही."

"मी देते उत्तर. मी तिथे रोज जाते ना, हाडांच्या मशीनवर उभी राहायला. गुण येतो! माझीच हाडं बघ."

"तुमची हाडं कशी दिसणार मला?"

"कवळीवरून कळतं. आधी मशीनवर उभी राहिले की माझी कवळी बारीक वाजायची. तोंड घट्ट मिटून उभी राहायचे, लाज वाटायची. आता महिनाभर झाला, अजिबात वाजत नाही. जबड्याचं हाड बळकट झालं, म्हणून कवळी घट्ट बसली. डॉक्टरांना मी अजून सांगितलं नाही. एकदमच सांगून खूश करणार आहे."

जजबाई कप तोंडाशी नेता नेता थांबल्या.

"आणि ती निवृत्त शिक्षिका आहे ना, दुसऱ्या खोलीत उभी राहणारी," वन्सं समाधानानं पुढे म्हणाल्या, "तिची आधी वाजत नव्हती. आता वाजायला लागलीय. तिची हाडं झिजली, बिचारीची."

"वन्सं, तुम्ही कुठल्या खोलीत असता?"

"जिन्याच्या बाजूच्या. पहिल्या दिवसापासून तीच."

जिन्याच्या बाजूला होती रोपांच्या खोलीची डावी भिंत. जजबाईंनी कप खाली ठेवला.

"वहिनी, चहात काही पडलं का गं?"

"नाही, वन्सं. आणि कृपा करून त्या डॉक्टरांना कवळीचं काहीही सांगू नका. शपथ आहे तुम्हाला."

"अगं पण का?"

"सांगता येत नाही," जजबाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

५

सकाळी त्यांनी मुलीला आणि मातीवाल्या बाईंना रोपांच्या खोलीत घेतलं आणि आतून कडी लावली.

"दोन पसरट बशा आणि पाणी," त्यांनी फर्मावलं. "आणि मोठ्यानं एक अक्षर बोलायचं नाही. दोन्ही भिंतींपलीकडे लोक आहेत."

दोन्हीकडे गुणगुण चालू झाली. पाण्यानं भरलेली एक बशी डाव्या मांडणीवर ठेवली. पाणी स्वस्थ होतं, त्यात वरचा दिवा स्पष्ट दिसत होता. मग दुसरी बशी उजव्या मांडणीवर ठेवली. तिघी वाकल्या. पाण्यावर बारीक, सलग सुरकुत्या धावत होत्या आणि दिव्याचं प्रतिबिंब पार विस्कटलं होतं. मातीवाल्या बाईंनी एका बुटक्या रोपाचं पान डोळ्यांसमोर धरून पाहिलं. पानही थरथरत होतं, इतकं हळू की सांगितल्याशिवाय कळू नये.

"मांडणी भिंतीला कशी बसवलीय?" जजबाईंनी कुजबुजत विचारलं.

"बोल्टनं," मुलगी म्हणाली, आणि तिचे डोळे मोठे झाले. "पलीकडच्या दांड्याचेच बोल्ट. एकाच भोकांतून आरपार घेतलेत. पार्टिशनला जास्त भोकं पाडायची नाहीत म्हणून."

मातीवाल्या बाई मटकन स्टुलावर बसल्या. "हात लावणारा भिंतीपलीकडे होता," त्या पुटपुटल्या. "आणि माझ्या मजल्यावर मशीनच नाही."

मुलगी हसली नाही की रडली नाही. ती पाण्याकडे पाहत राहिली, जणू कोणी तिला एक पत्र दिलं होतं आणि ते तिला वाचायचं नव्हतं.

६

मंडळासमोर जजबाईंनी पहिलं काम केलं ते हाडांच्या डॉक्टरांना बाहेर घालवण्याचं.

"पण माझा संबंध काय?" ते कुरकुरले.

"संबंध आहे म्हणूनच बाहेर बसा."

दार लागल्यावर त्यांनी आकडेवाल्यांकडे पाहिलं. "तुम्ही काही सांगू नका. मी सांगते, चुकलं तर तेवढं बोला. महिनाभरापूर्वी, म्हणजे फेरचाचणीचं बी पेरायच्या सुमाराला, तुम्ही दोन्ही मशिनी आपसात बदलल्या. माणसांना खोल्या बदलायला लावलं असतं तर गाजावाजा झाला असता, म्हणून मशिनीच हलवल्या."

आकडेवाल्यांनी दार नीट लागलंय ना, ते वळून पाहिलं. "सुट्टीच्या दिवशी," ते शेवटी म्हणाले. "प्रत्येकाला अर्धा काळ खरं, अर्धा काळ खोटं मिळावं असा आराखडा होता. पण तुम्हाला कळलं कसं?"

"कवळ्या वाजतात. तुमच्या खऱ्या मशीनवर कवळीवाल्यांना सगळं कळतंय."

आकडेवाल्यांनी डोळे मिटले. "कवळीचा विचार आम्ही केलाच नव्हता," ते म्हणाले, आणि त्यांची दया यावी असा त्यांचा आवाज झाला.

जजबाईंनी मग सगळं उलगडलं. पहिल्या दोन्ही वेळी खरं मशीन डाव्या भिंतीपलीकडे होतं, म्हणून डावीकडची रोपं बुटकी राहिली. डावीकडे नेमके औषधाचे ट्रे होते, म्हणून श्रेय औषधाला गेलं. मशीन उजवीकडे गेलं, तशी उजवीकडची रोपं बुटकी झाली. गुणगुण दोन्हीकडे तशीच चालू होती, त्यामुळे काही बदललं असेल अशी शंका कोणाला आलीच नाही. खालच्या मजल्यावर मशीन नव्हतं, तिथे फरकही नव्हता.

"मुलीनं मापं खरी घेतली," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा."

"पण ट्रे मिसळून ठेवले नाहीत!" सर एकदम बोलले. "पेपरात खोटं छापलं. ट्रे मिसळलेले असते तर पहिल्याच वेळी चूक कळली असती. ही अप्रामाणिकता नाही तर काय?"

"आहे," जजबाई म्हणाल्या. आठवडाभराचा वैताग त्यांनी याच क्षणासाठी साठवला असावा. "औषधाचे ट्रे पंख्याजवळ गेले म्हणून केबिनमध्ये बसवतं, असं मला तुम्ही सांगितलंत. ट्रे कुठे आहेत हे तुम्हाला पेपर छापायच्या आधीपासून माहीत होतं. मग मिसळून ठेवले, या वाक्याखाली सही कशी केलीत? का ते वाक्यच तुमचं?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, तसाच खाली ठेवला. "मिसळलेले लिहिलं की बरं दिसतं," ते म्हणाले. "तसं सगळेच..."

"सरांनी नेऊन ठेवायला सांगितलं," मुलगी म्हणाली. आवाज लहान होता, पण थांबला नाही. "वास सहन होत नाही म्हणाले. मी म्हटलं, ट्रे हलवले असं लिहूया. तर म्हणाले, पदवी हवी आहे ना? मी गप्प बसले. मी बसायला नको होतं."

निकाल लिहायला जजबाईंना फार वेळ लागला नाही. मुलीवरचा आळ खोटा, तिचं पदवीचं काम चालू राहील, यापुढे मार्गदर्शन मातीवाल्या बाईंचं. सरांची चौकशी वेगळी. कारणं हाडांचा अभ्यास संपेपर्यंत बंद पाकिटात. बाहेर बाकावर बसलेले डॉक्टर "काय झालं, काय झालं" म्हणत प्रत्येकाच्या मागे धावत होते आणि प्रत्येकजण त्यांना चुकवत होता.

जजबाई पिशवी घेऊन निघाल्या, तर मुलगी रोपांच्या खोलीत एकटीच रडताना दिसली.

"अगं, रडतेस काय? सुटलीस ना!"

"सुटले, बाई." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "पण माझं औषध काहीच करत नाही. पाच वर्षं मी ते रोज गाळलं, जपलं. त्याच्यासाठी सुट्टीत घरी गेले नाही. आणि सगळं ती भिंत करत होती."

जजबाईंना फार वाईट वाटलं. या मुलीला निर्दोष ठरवता ठरवता त्यांनीच तिच्या हातातलं एकमेव मोलाचं काढून घेतलं होतं, आणि त्यावर कुठलं कोर्ट काही करू शकत नव्हतं.

"आता घरी जा. झोप काढ," त्या म्हणाल्या.

"जाते." मुलगी उजवीकडच्या बुटक्या रोपांकडे वळली होती. "किती बारीक थरथर असली तर रोपाला कळत असेल, हो? माणसाला कळत नाही आणि रोपाला कळतं, म्हणजे कुठेतरी मर्यादा असणार. ती कोणी मोजली असेल का?"

"मला विचारू नकोस," जजबाई कळवळून म्हणाल्या. "या इमारतीत मी आता एकही प्रश्न ऐकणार नाही."

"बरं." मुलीनं नाक ओढलं आणि टेबलाजवळ जाऊन स्टूल ओढलं. "आधी पेपर मागे घेते, भिंतीचं नाव न घेता तेवढं पत्र लिहून जाते. तो अजून सगळीकडे वाचला जातोय. आज नाही कळवलं तर उद्या कुठेतरी, माझ्यासारखंच कोणीतरी, या औषधामागे आपली वर्षं घालायला बसेल."

पहिली ओळ लिहिताना तिचा हात थांबला, मग दुसऱ्यांदा थांबला. जजबाईंनी पिशवी खाली ठेवली, त्या दुसरं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "लिही. मी बसते तोवर."